परिसर-प्रकल्पांतून प्राथमिक शिक्षकांचे विज्ञान-प्रशिक्षण (सातारा–सांगली)

भोवतालचा पाऊस, माती, पाणी व सजीव यांवरचे छोटे प्रकल्प आधी शिक्षकांकडून करवून घेऊन त्यांना कृतीतून विज्ञान शिकवण्यास तयार करण्याची पद्धत. प्राथमिक शाळेतील ‘परिसर अभ्यास’ या विषयाशी तिचा थेट संबंध आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ग्रामीण शिक्षक घडवण्यासाठी 1935 मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेत श्रम हा शिक्षणाचाच भाग होता. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) आल्या. साताऱ्याची फलटणला आहे. शिक्षकांनी प्रयोग स्वतः करूनच वर्गात जावे, हा आग्रह मध्य प्रदेशातील 1972 च्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमानेही धरला होता.

अशा प्रकल्पांना सातारा–सांगलीइतका अनुकूल प्रदेश क्वचित सापडेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर शंभर किलोमीटरच्या आत माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास उरतो. सरळ उभ्या भिंतीचा डबा आणि पट्टी एवढ्यावर पर्जन्यमापक तयार होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे कळले की शाळेच्या छपरावरून किती पाणी वाहून गेले याचे गणित शिक्षक स्वतः मांडतो.

सांगलीत कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी हा सर्वांत बोलका विषय. उसाला पाणी जास्त आणि निचरा कमी, त्यामुळे भूजल वर येते, केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत पोचते, पाण्याची वाफ होते व क्षार मागे राहतात. अशी माती पावसाच्या पाण्यात ढवळून गाळावी आणि ते पाणी बशीत सुकू द्यावे. पांढरा थर दिसतो. क्षारपड व चांगल्या मातीत हरभरा पेरून उगवण मोजली, की तुलना, नियंत्रित प्रयोग व नोंद या तिन्ही गोष्टी एकाच कामात शिकता येतात. आपल्याच शिवारातला प्रश्न असल्याने पालकही माहिती पुरवतात. हा लाभ फार मोठा आहे.

एका उन्हाळी शिबिरात मात्र हे भागत नाही. पाऊस जूननंतरचा, विहिरीची पातळी महिन्यागणिक बदलणारी. केंद्रपातळीवरच्या शिक्षण परिषदांत शिक्षकांनी आपापल्या नोंदवह्या शेजारी ठेवून आकडे का जुळत नाहीत याची चर्चा करावी लागते. त्यासाठी वर्षभराचा वेळ प्रशिक्षणात धरावा लागतो.