लेकरांचे सांधे आणि निदानाचा हजेरीपट



आपल्या चांदूर बाजारच्या भागात लेकराचा गुडघा दुखू लागला की घरातील वडीलधारी मंडळी दोनच निदाने करतात. एक तर पडला असेल, नाही तर वाढीचे दुखणे असेल. पुष्कळदा ती खरीही ठरतात. पण जेव्हा ठरत नाहीत, तेव्हा मोठी किंमत मोजावी लागते. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात, तो संधिज्वर घशाच्या दुखण्यामागून दोन-तीन आठवड्यांनी येतो. तो सांध्यांना सोडून जातो, परंतु हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवून जाऊ शकतो. वेळीच ओळखला, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई, तीही अनेक वर्षे, देऊन हृदयाला पुढील इजेपासून जपता येते. पण ओळखावे कोणी? बालकांच्या संधिरोगांचे तज्ज्ञ साऱ्या जगातच अपुरे आहेत. तालुक्यात गाठ पडते ती साध्या डॉक्टरचीच.

या डॉक्टरला निदानाच्या कामी संगणकाची मदत देण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यांचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे. मी वैद्य नाही, कामगार संघटनेचा माणूस आहे. परंतु हा इतिहास मुळात नोंदीचा आहे, आणि नोंदीशी आमचा रोजचाच संबंध येतो.

आरंभ कागदावर झाला. 1897 साली लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी रुग्णालयातील मुलांची निरीक्षणे मांडून दाखविले की, लेकरांचा दीर्घकाळचा संधिवात हा मोठ्यांच्या संधिवाताची लहान आवृत्ती नव्हे. 1944 साली अमेरिकेतील डॉ. डकेट जोन्स यांनी संधिज्वरासाठी लक्षणांची यादी केली. काही लक्षणे मोठी, काही लहान. दोन मोठी, किंवा एक मोठे व दोन लहान जुळली, की संधिज्वराचा पक्ष बळकट झाला असे मानावे. निदानाचा हा सरळ हिशेब होता, आणि तो कोणत्याही गावच्या डॉक्टरला करता येण्याजोगा होता.

1959 साली लेडली व लस्टेड या दोघा अमेरिकनांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिले की, डॉक्टरच्या विचारामागे तर्कशास्त्र व संभाव्यतेचे गणित आहे, आणि त्या कामी संगणकाचा उपयोग होऊ शकेल. 1980 नंतरच्या दशकात मिसूरी विद्यापीठात संधिरोगांसाठीच ‘एआय-ऱ्हूम’ नावाची संगणकीय व्यवस्था तयार झाली. पुढे ‘सिम्युलकन्सल्ट’ नावाचे सॉफ्टवेअर आले. ते लक्षणाबरोबर काळही विचारते. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असे दुखणे फिरते काय? मग संधिज्वराचे पारडे जड होते. तोच सांधा सहा आठवडे सुजलेला, सकाळी आखडतो आणि उन्हे वर आली की मोकळा होतो, असे असेल तर दीर्घकाळचा बालसंधिवात संभवतो. रात्री हाडे ठणकतात आणि मूल पांढरे पडत चालले आहे, तर रक्ताच्या कर्करोगाचीही शंका घ्यावी लागते. ‘ताप नव्हता’ हे उत्तरही हिशेबात धरले जाते. मस्टरवर गैरहजेरीचीही खूण असतेच ना!

2016 साली या सॉफ्टवेअरची परीक्षा प्रसिद्ध झाली. त्यात 5,405 रोगांची माहिती भरलेली होती. 26 चिकित्सकांना खऱ्या रुग्णांच्या हकीगती कागदावर दिल्या. आधी पुस्तके व इतर साधने पाहण्याची मोकळीक दिली, तरी शंभरात 28 वेळा खरा रोग त्यांच्या यादीतच आला नाही. सॉफ्टवेअर वापरल्यावर हे प्रमाण 15 वर आले. चूक जवळजवळ निम्मी झाली, ही लहान गोष्ट नव्हे. पण ही परीक्षा कागदावरच्या रुग्णांची होती, आणि शंभरात पंधरा वेळा तरीही चुकलेच, हेही विसरू नये.

आता मुख्य मुद्दा. जोन्स यांच्या 1944 च्या यादीत नुसती सांधेदुखी हे मोठे लक्षण होते. 1956 साली ते लहान गणले गेले. श्रीमंत देशांत हा रोग ओसरत गेला, तशी कसोटी कडक होणे तेथे सोयीचे होते. परंतु जेथे रोग हटलाच नव्हता, तेथील मुले त्या चाळणीतून निसटू लागली. अखेर 2015 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने दोन वेगळ्या कसोट्या केल्या. रोगाचा धोका अधिक असलेल्या लोकसमूहात अनेक सांध्यांचे नुसते दुखणे, इतर कारणे वगळल्यावर, पुन्हा मोठे लक्षण ठरले. नियम एका देशाच्या मुलांवरून घडला आणि दुसऱ्या देशाच्या मुलांना लावला गेला. तो सुधारायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. यंत्रात असाच नियम भरला, तर यंत्र तीच चूक अधिक वेगाने करील. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याने दिवसभर घाम गाळला तरी त्याच्या हाती मजुरी पडत नाही. निदानाच्या हजेरीपटाचेही तसेच आहे.

आपल्याकडे 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा व्हावी, अशी ती योजना. तिच्या मूळ तीस विकारांत संधिज्वराने होणारा हृदयरोग आहे. दीर्घकाळच्या बालसंधिवाताचे नाव मात्र नाही. हा रोग काही मुलांच्या डोळ्यांत गुपचूप शिरतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि दृष्टी अधू होत जाते. नाव यादीत नसेल, तर तपासणाऱ्याने प्रश्न तरी कसा विचारावा?

म्हणून संत्र्याच्या बागेत नि कपाशीच्या शेतात राबणाऱ्या आईबापांना माझे सांगणे आहे. लेकराचा सांधा केव्हापासून दुखतो, कोणता आधी दुखला, घसा केव्हा आला होता, हे वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरपुढे ती वही ठेवा. शाळेत तपासणीचे पथक येते त्या दिवशी मुलाला कामावर नेऊ नका. आणि यंत्र आणणाऱ्यांना आपण सर्वांनी मिळून विचारले पाहिजे: तुमच्या हजेरीपटावर वऱ्हाडातील लेकरे आहेत काय?