नकाशाचा फेरफार

गेल्या हिवाळ्यात एका चर्चासत्राच्या निमित्ताने आम्ही काही सहकारी यवतमाळहून वणीला निघालो होतो. गाडी २०१३ साली घेतलेली. डॅशबोर्डमध्ये कायमच्या बसवलेल्या पडद्यावर नकाशा होता आणि आमच्या गाडीचा लहानसा बाण त्यावर सरकत होता. करंजीजवळ राष्ट्रीय महामार्ग लागला, तेव्हा रस्त्याकडेच्या फलकावर ४४ हा आकडा होता. पडद्यावर मात्र ७. कुतूहलाने नकाशा दक्षिणेकडे सरकवून पाहिला, तर पैनगंगेपलीकडे अजून आंध्र प्रदेशच होता. तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले, म्हणजे ती चूक वयाची म्हणता येईल. पण महामार्गांना नवे क्रमांक २०१० सालीच मिळाले होते. गाडी दुकानातून बाहेर पडली तेव्हाच तिचा नकाशा मागे पडलेला होता. पुढे एका नव्या बाह्यवळणावर तर बाणाने रस्ताच सोडला आणि तो कोऱ्या जागेतून चालू लागला. "आता आपण कुणाच्या तरी पराटीतून चाललो आहोत," असे एक सहकारी म्हणाले आणि आम्ही हसलो.

परतल्यावर गाडीच्या मालकांनी चौकशी केली. या मॉडेलसाठी नवा नकाशा आता निघत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. गाडी उत्तम चालते. तिचे जग मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीच थांबले आहे. ही गोष्ट आमच्या मनातून जाईना. नकाशा अद्ययावत कोण करतो, केव्हा करतो आणि कोणाला विचारून करतो, या प्रश्नाचा माग घेत गेल्यावर ध्यानात आले की, यवतमाळ जिल्ह्याला हा प्रश्न मोटारीच्या कितीतरी आधीपासून चिकटलेला आहे.

आरंभ नावापासून करता येईल. यवतमाळ या नावातील 'माळ' हे 'महाल' म्हणजे परगणा या शब्दाचे रूप मानले जाते. अकबराच्या काळच्या 'आइन-इ-अकबरी'त या परगण्याची नोंद शेजारच्या लोहारा गावाशी जोडून आलेली आहे. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडचा वेगळा जिल्हा झाला. पुढे तो वणीच्या नावाने ओळखला गेला आणि १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. त्याच फेररचनेत वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडण्यात आला. नकाशाचा मथळाही असाच बदलत राहिला. आधी हैदराबादकडून सोपवलेले जिल्हे, १९०३ पासून मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. या साऱ्या काळात वर्धा आणि पैनगंगा आपापल्या पात्रांतूनच वाहत होत्या. बदलत होता तो नकाशा काढणारा हात.

हा हात या मुलखात मोजमापाची साखळी घेऊन आला त्याची कथा आमच्या अगदी शेजारी संपते. १८०२ साली मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्बटन हे हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारले. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ७८ व्या रेखांशाच्या आसपास मोजत नेलेल्या त्या महाकमानीचा बीदरजवळील दामरगिद्दा ते मध्य भारतातील कल्याणपूर हा भाग आजच्या पुसद-दिग्रसच्या बाजूने, म्हणजे या जिल्ह्याच्या पश्चिमेकडून जातो.

या भागाचा इतिहास आमच्या विषयाला फार जवळचा आहे, कारण तो दोनदा मोजला गेला. एव्हरेस्ट १८३० मध्ये इंग्लंडहून नवी, अधिक सूक्ष्म उपकरणे घेऊन परतले आणि जुन्या उपकरणांनी केलेली मोजणी त्यांनी प्रमाण मानली नाही. उत्तरेकडून कमान पुन्हा खाली बीदरपर्यंत आणण्यात आली आणि १८४१ मध्ये तेथे नवी आधाररेषा मोजण्यात आली. डोंगर तेच, गावे तीच. पण उपकरण बदलले म्हणून त्यांचे आकडे बदलले. आज गाडीच्या पडद्यावर 'नवी आवृत्ती उपलब्ध' असा संदेश येतो तेव्हा त्यात दोन गोष्टी असतात. जमिनीवर काही बदललेले असते, किंवा मोजण्याची रीत बदललेली असते. वऱ्हाडाला या दोहोंचाही अनुभव आहे.

एव्हरेस्ट यांनी पृथ्वीच्या आकाराचे जे गणित मांडले, त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे दीडशे वर्षांहून अधिक काळ उभे होते. या नकाशांच्या पत्रकांची मांडणी अक्षांश-रेखांशांप्रमाणे असल्याने यवतमाळ शहर ५५ एल या पत्रकात येते, दारव्हा व नेर ५५ एच मध्ये, पुसद-उमरखेड ५६ ई मध्ये आणि झरी-जामणीचा दक्षिण भाग ५६ आय मध्ये. संपूर्ण जिल्हा पाहायचा तर अनेक पत्रके शेजारी शेजारी मांडावी लागत. उपग्रह मात्र वेगळे गणित वापरतात. जुन्या पत्रकावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे उपग्रहाच्या हिशोबात टाकले, तर आपल्याकडे शंभर मीटरांहून अधिक अंतराचा फरक पडतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराच्या खुल्या पत्रकांसाठी हे नवे गणित स्वीकारले. त्याखेरीज उपग्रहाने सांगितलेली जागा आणि सरकारी नकाशा यांचा मेळ बसता ना.

या मोठ्या नकाशाबरोबरच एक लहान नकाशाही तयार होत होता. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडात महसुली मोजणी झाली आणि प्रत्येक गावाचा स्वतंत्र नकाशा निघाला. गावनकाशावर एका गावाहून दुसऱ्या गावास जाणारा रस्ता दोन भरीव रेषांनी दाखवतात, गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने. ज्यांना आपण पांदण म्हणतो त्या वाटा या तुटक रेषांमध्ये आहेत. गाडीतल्या नकाशात त्या शोधून सापडत नाहीत.

या लहान नकाशासोबत कागदपत्रांची जी पद्धत आली, तिच्यात अद्ययावत करण्यासाठी एक फार अर्थपूर्ण शब्द आहे : फेरफार. जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागला, की गाव नमुना ६ मध्ये नोंद होते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार तलाठ्याने ती नोंद चावडीत लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत उतरवायची, आणि मग वरिष्ठाने ती प्रमाणित किंवा रद्द करायची. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. अडकून पडलेल्या फेरफारांपायी किती माणसे तहसिलीच्या पायऱ्या झिजवतात, हे या जिल्ह्यात कोणालाही सांगावे लागत नाही. पण तिच्यात एक तत्त्व आहे. ज्याच्या जमिनीची नोंद बदलते त्याला आधी कळवावे आणि त्याला 'नाही' म्हणता यावे.

मोटारीतील नकाशाचा इतिहास या तत्त्वाला बाजूला ठेवूनच घडला. १९८१ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने बसवलेल्या यंत्रात उपग्रह नव्हते. गाडीची दिशा व अंतर मोजून एक ठिपका पडद्यावर सरके आणि त्यावर पारदर्शक छापील नकाशा हाताने सरकवून बसवावा लागे. पत्रक संपले की दुसरे. १९८५ मध्ये अमेरिकेत एटॅक कंपनीने नकाशे कॅसेटमध्ये भरले. एका शहरालाही एक कॅसेट पुरत नसे. आमच्या जिल्ह्याची ती अनेक पत्रके येथे आठवावीत. १९९० मध्ये जपानमध्ये माझ्दा कंपनीच्या गाडीत उपग्रहावर चालणारी, कारखान्यातच बसवलेली पद्धत आली. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेला दोष काढून टाकला आणि उपग्रहाने दाखवलेली जागा बरीच नेमकी झाली. भारतात मॅपमायइंडिया ही कंपनी १९९५ पासून अंकीय नकाशे तयार करीत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतीय संस्थांसाठी नकाशे काढण्यावरील पूर्वपरवानगीची अट मोठ्या प्रमाणात उठवली.

गाडीतला नकाशा हे दिसायला चित्र असले, तरी आत ती एक सारणी असते. कोणता रस्ता कोणत्या चौकात मिळतो, तो किती रुंद आहे, कोठून वळता येते, अशा नोंदी. उपग्रहाने दिलेली जागा यंत्र या सारणीतील जवळच्या रस्त्याशी जुळवून घेते. रस्ताच नोंदीत नसेल तर बाण शेजारच्या जुन्या रस्त्यावर उडी मारतो किंवा आमच्यासारखा पराटीत शिरतो. नकाशा आणि तो वाचणारी प्रणाली या दोन निराळ्या वस्तू आहेत. नवा नकाशा जुन्या प्रणालीला वाचता येईलच असे नाही, म्हणून आधी प्रणाली व मग नकाशा असा क्रम कित्येकदा पाळावा लागतो. पेन ड्राइव्ह लावून हे काम करताना मध्येच वीज तुटली तर पडदा निकामीही होऊ शकतो. नव्या गाड्यांत हे सारे मोबाइल जाळ्यातून आपोआप होते. मालकाला विचारलेच तर 'आता की नंतर' एवढेच विचारतात. त्या नकाशात कोणते गाव आले आणि कोणते गळले, हे कोणी सांगत नाही.

आता यवतमाळचा नकाशा नव्याने भरताना काय भरले जाते ते पाहावे. तुळजापूरहून नांदेड, यवतमाळ, वर्धा असा बुटीबोरीपर्यंत जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग येतो. वरोरा-वणी हा चौपदरी रस्ता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वेगाडी सुरू झाली, तो मार्गही येतो. कापसासाठी घातलेल्या मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद मार्गावरची 'शकुंतला' आता धावत नाही. नकाशात तिची रेषा राहते की पुसली जाते, हे ज्याच्या हाती सारणी आहे तो ठरवतो.

आणि काय भरले जात नाही? केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे मूळ गावापासून दूर वसलेली वस्ती. बहुतेक पोड स्वतंत्र महसुली गाव नसतात. त्यांची माणसे मोजली जातात, पण मूळ गावाच्या नावावर. आणि महसुली यादीत जे नाव नाही ते नकाशात उतरण्याची शक्यता कमी. बाभूळगाव तालुक्यात बेंबळा प्रकल्प झाला, पुसदच्या सीमेवर इसापूरचे धरण झाले. पाण्याखाली गेलेल्या गावांची वस्ती दुसरीकडे उठून गेली आणि एकाच नावाला दोन जागा आल्या, एक पाण्यातली आणि एक माळावरची. जुनी नोंद पुसून नवी भरण्यास उशीर झाला, तर वाट विचारणाऱ्याला यंत्र धरणाकडे नेते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. रात्री बाळंतिणीसाठी ती बोलावणाऱ्या घराला आपला पत्ता एखाद्या झाडाच्या, देवळाच्या नाहीतर शाळेच्या खुणेने सांगावा लागत असेल, तर नकाशाची ती त्रुटी हसण्यावारी नेण्याजोगी राहत नाही.

कोणी म्हणेल की, आता मोबाइलवरील नकाशात चूक कळवण्याची सोय आहे. कोणीही नवी वाट दाखवू शकतो. हे खरे आहे आणि त्याचा उपयोगही होतो. पण कळवणाऱ्याजवळ यंत्र हवे, संकेत हवा, आणि आपण नकाशात असावे असा आपला अधिकार आहे ही जाणीव हवी. शिवाय कळवलेले स्वीकारले का, नाकारले तर कोणत्या कारणाने, याला उत्तरदायी असा अधिकारी गावाला माहीत नसतो. तलाठ्याशी भांडता येते. सारणीशी कोणी भांडावे?

लॅम्बटन-एव्हरेस्टांच्या नकाशाला राज्य चालवायचे होते, महसुली नकाशाला सारा वसूल करायचा होता, आजच्या नकाशाला गाडी पुढे न्यायची आहे. प्रत्येकाने आपल्या गरजेपुरताच जिल्हा पाहिला. यात नवल नाही. परंतु या तिन्हींपैकी सारा वसूल करणाऱ्यानेच तेवढी हरकतीची वही ठेवली, ही गोष्ट विचार करायला लावते. सातबाऱ्याचे चावडीवाचन आपल्याकडे होते : गाव जमते, नोंदी वाचल्या जातात, चुका सांगितल्या जातात. वर्षातून एकदा गावाचा नकाशाही असाच वाचला जावा, पोडांची, पांदणींची आणि पुनर्वसित वस्त्यांची नावे त्यात आहेत की नाहीत हे ग्रामसभेने पाहावे, आणि झालेला ठराव अंकीय नकाशे काढणाऱ्यांना बंधनकारक असावा, एवढीच आमची सूचना आहे. तो नकाशा मग कोणत्या गाडीत, कोणत्या आवृत्तीत उतरतो हा पुढचा भाग. आमच्या सहकाऱ्यांच्या गाडीत तो उतरणार नाही. ती आपल्या ७ क्रमांकाच्या महामार्गाने वणीला जात राहील.