पडलेल्या दाताच्या जागी डेंटल इम्प्लांट: पैसे भरण्याआधी काय माहीत असायला हवं?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. कुठल्याही स्टेशनबाहेर पडा, दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतातच. 'पक्के दात', 'तीन दिवसांत फिक्स दात', 'इम्प्लांट आता ईएमआयवर'. मोबाइल उघडला की रीलमध्येही तेच. घरात कुणाची तरी दाढ काढलेली असते, आईची किंवा आजोबांची कवळी हलत असते, आणि प्रश्न पडतो: एवढे पैसे घालून इम्प्लांट करावं का?

याचं उत्तर दातापेक्षा दाताखालच्या हाडावर जास्त अवलंबून असतं. जाहिरातीत हाडाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

अनेकांना वाटतं इम्प्लांट म्हणजे नवा दात. खरं तर इम्प्लांट म्हणजे दाताचं मूळ. जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. त्यावर एक जोडणीचा भाग येतो, ज्याला डॉक्टर अबटमेंट म्हणतात. आणि त्याच्यावर जी कॅप बसते, ती आपल्याला दिसणारा दात.

म्हणजे स्क्रू, अबटमेंट आणि कॅप अशा तीन वेगळ्या वस्तू झाल्या. खर्चाचा गोंधळ इथूनच सुरू होतो, त्याबद्दल पुढे येईलच.

हे शोधलं कुणी?

स्वीडनचे संशोधक पर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाड धातूला घट्ट चिकटलं होतं.

१९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन यांचं २००६ मध्ये निधन झालं, तोपर्यंत म्हणजे ४० वर्षांहून जास्त काळ ते इम्प्लांट काम देत होते. आज दहा वर्षांनंतरही १०० पैकी ९० हून जास्त इम्प्लांट जागेवर असल्याचं अभ्यास सांगतात. पण ही आकडेवारी योग्य रुग्ण आणि योग्य निगा यावर उभी आहे.

हाडाचा हिशोब

दात काढला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीच घट पहिल्या तीन महिन्यांतच होते.

म्हणून 'दाढ मागची आहे, दिसत नाही, बघू पुढच्या दिवाळीला' हे महागात पडू शकतं. हाड कमी झालं की आधी हाडाची भर घालावी लागते, म्हणजे बोन ग्राफ्ट. वरच्या मागच्या दाढांच्या जागी सायनसची पोकळी असते, तिथे कधी सायनस लिफ्ट करावी लागते. खर्चही वाढतो आणि वेळही. दात काढायच्या आधीच 'या जागी पुढे काय करायचं?' हे डॉक्टरांना विचारलेलं बरं.

एक अपवाद: अक्कलदाढ काढली असेल तर ती जागा भरायची सहसा गरज नसते.

किती दिवस लागतात?

आधी तपासणी आणि स्कॅन. सीबीसीटी नावाच्या थ्रीडी स्कॅनमध्ये हाडाची उंची-रुंदी कळते, आणि खालच्या जबड्यातली नस किती लांब आहे तेही दिसतं. ही नस दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते. मग भूल देऊन स्क्रू बसवतात. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने देतात आणि त्यानंतर कॅप बसते.

मग 'तीन दिवसांत दात' हे खोटं का? सगळंच खोटं नाही. काही रुग्णांमध्ये स्क्रू पहिल्याच दिवशी इतका घट्ट बसतो की त्यावर लगेच दात लावता येतात. पण हाड तीन दिवसांत धातूला चिकटत नाही. त्या काळात स्क्रूवर जास्त जोर आला तर तो सैल होऊ शकतो. आपली केस त्यात बसते का आणि का, हे डॉक्टरांनी स्कॅन दाखवून सांगायला हवं.

कुणी जपून?

• तंबाखू, सिगारेट, मिश्री: धूम्रपानाने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. मिश्री हीसुद्धा तंबाखूच. घरातल्या ज्येष्ठ महिला 'मी तंबाखू खात नाही' म्हणतात आणि मिश्रीचं सांगायचं राहून जातं.

• गुटखा, सुपारी: महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सवय सुटलेली नाही. यामुळे तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. दोन बोटंही आत जात नसतील तर दाढेपर्यंत अवजार पोचणंच कठीण. अशा वेळी इम्प्लांटच्या आधी तोंडाची तपासणी महत्त्वाची, कारण ही अवस्था कॅन्सरच्या आधीची असू शकते.

• मधुमेह: शुगर असली म्हणून इम्प्लांट होतच नाही असं नाही. शुगर ताब्यात असायला हवी.

• जबड्याला रेडिएशन झालेलं असेल किंवा हाडं ठिसूळ होण्यावर औषधं सुरू असतील तर आधी सांगा. अशा रुग्णांत जबड्याचं हाड भरून येत नाही, असं होऊ शकतं.

• १८ च्या आतली मुलं: जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं.

ब्रिज, कवळी की इम्प्लांट?

एक दात गेला असेल तर ब्रिज हा जुना आणि चांगला पर्याय आहे. काम दोन-तीन आठवड्यांत होतं आणि खर्चही सहसा कमी. तोटा हा की त्यासाठी बाजूचे चांगले दात घासावे लागतात. त्या दातांना आधीच कॅपची गरज असेल, तर मात्र ब्रिज शहाणपणाचा.

सगळेच दात गेले असतील तर सगळ्या जागी इम्प्लांट लागत नाहीत. खालची कवळी सर्वात जास्त हलते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं होतं की खालच्या जबड्यात एकही दात नसेल, तर फक्त दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी हा पहिला पर्याय असावा. ज्येष्ठांसाठी हा मधला मार्ग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

खर्च: पाटीवरची किंमत कशाची?

मुंबईत खासगी दवाखान्यात एका दाताचा पूर्ण खर्च ढोबळमानाने २५ हजारांपासून ६० हजारांपर्यंत जातो. परदेशी कंपनीचा स्क्रू असेल किंवा हाडाची भर लागली तर त्याहून जास्त. पाटीवर '१५ हजार' दिसलं तर तो आकडा बहुतेक वेळा फक्त स्क्रूचा असतो. मेडिक्लेममध्ये दातांचे उपचार सहसा धरत नाहीत. अपघातातली दुखापत हा अनेक पॉलिसींमधला अपवाद. पॉलिसी वाचून बघा.

कमी खर्चासाठी डेंटल कॉलेजमध्ये चौकशी करता येते. पश्चिम उपनगरांतून मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. घाटकोपर-मुलुंडकरांना सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय सोयीचं. मुलुंडहून ठाण्याला गाडी बदलून नेरूळच्या खासगी डेंटल कॉलेजांतही जाता येतं. इथे वेळ आणि फेऱ्या जास्त लागतात. इम्प्लांटच्या साहित्याचा खर्च कुणी करायचा, हे आधीच विचारा.

होकार देण्याआधी हे विचारा

१. स्क्रू, अबटमेंट, कॅप, स्कॅन आणि ग्राफ्ट धरून एकूण किती? लेखी द्या.

२. स्क्रू कोण बसवणार आणि कॅप कोण करणार? 'इम्प्लांटॉलॉजिस्ट' ही भारतात एमडीएसची वेगळी शाखा नाही. म्हणून पाटीवरच्या शब्दापेक्षा डॉक्टरांचं शिक्षण आणि अशा किती केसेस केल्या हे विचारा. महाराष्ट्रात डेंटिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते.

३. इम्प्लांट निघाला तर पुढचा खर्च कुणाचा?

४. स्क्रूच्या पाकिटावरचं स्टिकर मिळेल का? त्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबर असतो. उद्या तुम्ही विरारला किंवा बदलापूरला राहायला गेलात आणि कॅप सैल झाली, तर तिथल्या डॉक्टरांना कुठलं अवजार लागेल हे त्यावरूनच कळतं.

बिलं, स्कॅन आणि स्टिकर जपून ठेवा. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे, आणि तिथे कागदच उपयोगी पडतात.

बसवल्यावर काय?

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालच्या हिरडीला आणि हाडाला संसर्ग होतो. सुरुवातीला दुखत नाही, फक्त ब्रश करताना रक्त येतं. म्हणून दिवसातून दोनदा ब्रश, इम्प्लांटच्या फटीतली सफाई आणि सहा महिन्यांनी एकदा तपासणी. 'पक्का दात' पक्का राहतो तो एवढ्यावरच.