फुकटच्या मॅचचा इतिहास

भारत-पाकिस्तान सामना असो की आयपीएलची फायनल, इशाची नमाज झाली की मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, ‘लिंक है क्या किसी के पास?’ पाच मिनिटांत कुणीतरी लिंक टाकतो. ती उघडली की आधी दोन-तीन जाहिराती, मग अर्धनग्न चित्रं, मग ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशी लाल पाटी आणि हे सगळं पार केलं की कुठेतरी कोपऱ्यात मॅच. ती बंद पडली की दुसरी लिंक. लिंक टाकणाऱ्याला दुवा मिळते, न टाकणाऱ्याला टोमणे.

या पोरांना चोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण खेळ फुकट पाहण्या-ऐकण्याची सवय मोबाइलने लावलेली नाही, तिला नव्वद वर्षांचा इतिहास आहे. आणि तिची सुरुवात ज्या सामन्यापासून झाली, त्यात एक संघ मुसलमानांचा होता, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

१९३४चं साल. मुंबईत तेव्हा धर्मावर आधारित संघांचं क्रिकेट चालायचं. युरोपियन आणि पारशी यांच्यात सुरू झालेल्या सामन्यांत १९०७ला हिंदू आले, १९१२ला मुसलमान आले आणि स्पर्धा चौरंगी झाली. १९३७मध्ये ‘रेस्ट’ हा पाचवा संघ येऊन ती पंचरंगी झाली. मरीन ड्राइव्हवर पारशी, हिंदू आणि इस्लाम हे तीन जिमखाने आजही एकमेकांच्या शेजारी उभे आहेत, ते त्याच काळाची आठवण आहेत. तर १९३४च्या चौरंगी स्पर्धेत एस्प्लनेड मैदानावर पारशी विरुद्ध मुस्लिम सामना झाला आणि ए. एफ. एस. तल्यारखान यांनी त्याचं धावतं वर्णन रेडिओवरून केलं. भारतातली क्रिकेटची ही पहिली कॉमेंट्री मानली जाते. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावही तेव्हा जन्माला यायचं होतं. त्या वर्षीची स्पर्धा मुस्लिम संघाने जिंकली.

धर्माच्या नावाने संघ पाडणाऱ्या या स्पर्धेला पुढे गांधीजींनी विरोध केला, १९४६नंतर ती बंद पडली आणि बरंच झालं. पण तिच्यातून जन्मलेली कॉमेंट्री टिकली. तिने खेळाला तिकिटापासून सोडवलं. मैदानात बसायला पैसे लागत, तंबूत बसायला तर जात-जमात आणि सभासदत्वही लागे. आवाजाला यातलं काहीच लागत नव्हतं. इराणी हॉटेलात एक चहा घेऊन अख्खा डाव ऐकता यायचा आणि ज्याच्याकडे चहाचेही पैसे नसत तो बाहेर फुटपाथवर उभा राहून ऐकायचा.

तरीही हे ऐकणं फुकट नव्हतं. रेडिओ बाळगायला सरकारी लायसन्स लागे, त्याची फी पोस्टात भरावी लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत टीव्हीलाही लायसन्स होतं. म्हणजे एकाने फी भरायची आणि पन्नास जणांनी ऐकायचं, असा तो हिशेब होता. पैसे कोण देतं हे सगळ्यांना दिसत होतं.

मग दूरदर्शन आलं. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांनी रंगीत टीव्ही आणला आणि पुढच्याच वर्षी २५ जूनला लॉर्ड्सवर कपिलदेवच्या हातात विश्वचषक दिसला. ज्याच्या घरी टीव्ही, त्याचं घर म्हणजे मोहल्ल्याचं थिएटर. चपलांचा ढीग दारात, बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, पोरं थेट पडद्याला चिकटून. (त्याच स्पर्धेतली कपिलची झिम्बाब्वेविरुद्धची नाबाद १७५ धावांची खेळी मात्र कुणालाच पाहता येत नाही, कारण तिचं चित्रीकरणच उपलब्ध नाही.) त्या दिवसांत सामना दाखवणं हे सरकारी काम होतं, विकायची वस्तू नव्हती. उलट सामना दाखवण्यासाठी दूरदर्शनच क्रिकेट बोर्डाकडे पैसे मागायचं. आज हे नव्या पिढीला सांगितलं तर चेष्टा वाटेल.

हे गणित १९९३मध्ये उलटं झालं. बोर्डाने इंग्लंडच्या दौऱ्याचे हक्क टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बंगाल क्रिकेट असोसिएशनने हिरो कपचे हक्कही त्याच कंपनीला दिले. सरकारने १८८५च्या टेलिग्राफ कायद्यावर बोट ठेवलं. भारताच्या आकाशातून लहरी सोडण्याचा अधिकार फक्त आमचा, असा सरकारचा दावा होता. परदेशी कंपनीची यंत्रसामग्री कस्टम्सने अडवली. ईडन गार्डन्सवर सचिनने शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला रोखलं तो सामना आपल्याला आठवतो, पण त्याच वेळी चाललेली कोर्टातली लढाई आठवत नाही. खरं तर देशावर जास्त परिणाम तिचाच झाला.

९ फेब्रुवारी १९९५ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी होते. आपले सावंतसाहेब पुढे सामाजिक चळवळींच्या व्यासपीठांवर दिसत राहिले, त्यामुळे मराठी वाचकाला त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. कोर्ट म्हणालं, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्यांचीही होता कामा नये. लोकांच्या वतीने त्यांचं नियमन करणारी स्वायत्त संस्था हवी.

निकालाचा पहिला अर्धा भाग बाजाराने झटकन उचलला. सरकारची मक्तेदारी गेली, आधीच आलेल्या खासगी वाहिन्या आणि केबलवाले आणखी फोफावले. दुसरा अर्धा भाग, म्हणजे लहरी लोकांच्या आहेत हा, फायलीत राहिला. २००२च्या फुटबॉल विश्वचषकात टेन स्पोर्ट्सचं प्रक्षेपण केबलवाले बिनापरवाना दाखवू लागले. तेव्हा कंपनीने दिल्ली हायकोर्टातून अनोळखी प्रतिवादींविरुद्ध आदेश मिळवला. भारतात अशा आदेशाची सुरुवात तिथून झाली. ज्याचं नाव-गाव माहीत नाही त्या चोराला कोर्टाच्या कागदावर ‘अशोक कुमार’ म्हणायची पद्धतही नंतर रुळली. आज लिंका चालवणाऱ्यांविरुद्ध दर हंगामात असे आदेश निघतात. साइट बंद होते, नावात एक अक्षर बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहते.

२००४ला भारतीय संघ पाकिस्तानात गेला तेव्हा प्रश्न पुन्हा पेटला. हक्क टेन स्पोर्ट्सकडे आणि केबल नसलेली कोट्यवधी घरं दूरदर्शनकडे डोळे लावून. सुप्रीम कोर्टाने टेन स्पोर्ट्सचं चित्र, त्यांच्या लोगो आणि जाहिरातींसकट, दूरदर्शनला द्यायला लावलं. जानेवारी २००७मध्ये नागपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध सामना झाला तो दूरदर्शनवर थेट दिसला नाही आणि सरकारने घाईने वटहुकूम काढला. त्याचाच पुढे कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यायचे, जाहिरातीच्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा मूळ हक्कदाराला. कल्पना चांगली होती. गरिबालाही सामना दिसेल आणि ज्याने हक्क विकत घेतले तोही बुडणार नाही.

पण २०१७मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हे चित्र दूरदर्शनच्या अँटेनावर आणि त्याच्या स्वतःच्या डिशवरच दाखवायचं, केबलवाल्यांमार्फत नाही. आयपीएल तर राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत आलीच नाही. आणि लोक तोपर्यंत मोबाइलकडे वळले होते, ज्याचा विचार या कायद्याने केलेला नव्हता. बेकायदा लिंकांचं पीक आलं ते नेमकं या रिकाम्या जागेत.

हीच गोष्ट आखातात घडली, पण तिथे चोरी एखाद्या पोराने केली नव्हती. कोकणातली, मराठवाड्यातली आपली कितीतरी माणसं तिकडे कामाला आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना ‘बीआउटक्यू’ हे नाव आठवत असेल. जून २०१७मध्ये सौदी अरेबिया, अमिरात, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. कतारची बीइन ही क्रीडा वाहिनी सौदीत बंद झाली. ऑगस्टमध्ये बीआउटक्यू उगवली. ती बीइनचंच चित्र उचलायची, वर स्वतःचा शिक्का मारायची आणि उपग्रहावरून सोडायची. २०१८चा पूर्ण फुटबॉल विश्वचषक असा चोरून दाखवला गेला. फिफा आणि युरोपातल्या मोठ्या लीग सौदी कोर्टात जायला निघाल्या. नऊ वकिली फर्मकडे गेल्या, एकाही फर्मने खटला चालवला नाही. १६ जून २०२०ला जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने नोंदवलं की सौदीने चोरीविरुद्ध फौजदारी कारवाई केली नाही आणि बीइनला तिथे वकील मिळण्यातही अडथळे आणले. सौदी सरकारने आपला या वाहिनीशी संबंध असल्याचं कायम नाकारलं. पुढे उलएलाला समेट झाला, बीइनवरची बंदी उठली आणि त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२१मध्ये, सौदी फंडाने इंग्लंडचा न्यूकॅसल क्लब विकत घेतला. मालकाच्या रांगेत बसायचं ठरलं की चोरी परवडत नाही.

गंमत अशी की याच सौदीतल्या जेद्दाहमध्ये मुख्यालय असलेल्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८मध्ये कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला होता. लेखन, शोध, व्यापारी नाव यांवरचे हक्क शरियतमध्ये ग्राह्य आहेत, त्यांना आर्थिक मूल्य आहे, त्यांचा भंग जायज नाही. आपल्याकडे हनफी फिक्हमध्ये यावर मतभेद राहिला. जी वस्तू हातात धरता येत नाही ती ‘माल’ कशी, असा जुना सवाल आहे. मला तो सवाल हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. महिन्याला पंधरा हजार कमावणाऱ्या माणसाने देशाचा संघ पाहायला चार ॲपची वर्गणी भरावी का, हा त्याच सवालाचा आजचा चेहरा आहे. पण लिंकवाल्याला हा युक्तिवाद लागू होत नाही. तो गरिबाला खैरात वाटत नाही, गिऱ्हाईक जमवतो.

हे कसं चालतं, याचा अभ्यास बेल्जियमच्या ल्यूवेन आणि अमेरिकेच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठांतल्या संशोधकांनी केला, २०१६मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी फुकट लाइव्ह सामने दाखवणारी पाच हजारांहून अधिक संकेतस्थळं तपासली. चित्रावर आडव्या येणाऱ्या जाहिरातींपैकी निम्म्यापर्यंत घातक निघाल्या. जाहिरात बंद करायची खोटी फुली, ‘प्लेअर अपडेट करा’ म्हणून गळ्यात मारलेलं सॉफ्टवेअर, फसव्या योजना. फुली दाबावी आणि भलतंच पान उघडावं, हा अनुभव कुणाला नाही? फोनवर तर मॅचसाठी म्हणून एपीके फाइल टाकून घेतली जाते आणि तिला मेसेज वाचायची परवानगी दिली जाते. त्याच फोनवर बँकेचा ओटीपी येतो.

ऑगस्ट २०२५मध्ये इजिप्तमध्ये ‘स्ट्रीमईस्ट’ नावाच्या जाळ्यावर छापा पडला, दोघांना अटक झाली. ८० डोमेन, वर्षात १६० कोटी भेटी, असे आकडे कारवाई करणाऱ्या संघटनेने दिले. जाहिरातीचा पैसा अमिरातीतल्या कागदी कंपनीतून फिरवल्याचा आरोप होता.

महाराष्ट्रातली गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०२३च्या आयपीएलचे डिजिटल हक्क व्हायाकॉम१८कडे होते. पाच हंगामांसाठी त्यांनी २३,७५८ कोटी मोजले होते आणि तरी त्या वर्षी जिओसिनेमावर सगळे सामने फुकट ठेवले. फायनल एकाच वेळी तीन कोटींहून जास्त लोक पाहत होते. त्याच हंगामात फेअरप्ले नावाचं बेटिंग ॲपही बेकायदा सामने दाखवत असल्याची तक्रार कंपनीने महाराष्ट्र सायबरकडे केली. शंभर कोटींहून अधिक नुकसानीचा दावा झाला, ॲपची जाहिरात केलेल्या नट-नट्यांपर्यंत चौकशी पोचली, पुढे ईडीही आली.

आता विचार करा. जो सामना अधिकृतपणे फुकट आहे, तो चोरून फुकट दाखवण्यात कुणाचा काय फायदा? फायदा मॅचमध्ये नव्हताच. पडद्यावर चेंडू आणि त्याच पडद्यावर पैसे लावायचं बटण, यासाठी तो सगळा खटाटोप होता. आपल्या घरांत जुगार, म्हणजे मैसिर, कुराणने दारूच्या पंक्तीत बसवलाय हे पोरांना मदरशातच शिकवलं जातं. पत्त्यांचा क्लब दिसला तर हीच पोरं रस्ता बदलतात. पण लिंकमधून आलेलं ॲप त्यांना जुगार वाटत नाही, ‘प्रेडिक्शन’ वाटतं. पहिल्यांदा दोनशे रुपये जिंकून दिले जातात. त्यानंतर काय होतं हे मोहल्ल्यातल्या दोन-चार बापांना विचारा, ते सांगणार नाहीत, पण मोटारसायकल का विकली याचं उत्तरही त्यांच्याकडे नसतं.

जिओसिनेमाचा फुकट काळही फार टिकला नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये जिओहॉटस्टार झालं आणि थोडा वेळ दाखवून पुढे वर्गणी मागणारी खिडकी आली. सवय लावून झाली होती. त्या खिडकीसमोर अडलेल्या पोरासाठी २००७चा कायदा काही करत नाही. तो ग्रुपवर जातो आणि विचारतो, ‘लिंक है क्या?’ भारताचा सामना असेल तर डीडी स्पोर्ट्स लाव, फ्री डिशवर दिसतोय, असं त्याला सांगणारा ग्रुपमध्ये बहुतेक वेळा एखादा चाचाच असतो. बाकीचे त्याला हसतात, कारण घरातली डिश कधीच काढून टाकलेली असते.