जंक्शन टेबल

रिलेशनल डेटाबेसमध्ये दोन टेबलांमधला अनेक-अनेक संबंध नोंदवणारे तिसरे टेबल. एक पुरवठादार अनेक सुटे भाग पुरवतो आणि तोच भाग अनेक पुरवठादारांकडून येतो, तेव्हा कोणत्याही एका टेबलात फॉरेन की घालून भागत नाही. म्हणून प्रत्येक जोडीची एक रो ठेवणारे स्वतंत्र टेबल करतात.

पूर्वपीठिका : १९६०च्या दशकातील आयबीएमच्या आयएमएस प्रणालीत माहिती उतरंडीने रचली जाई, त्यामुळे असा संबंध तिच्यात सहज बसत नसे. चार्ल्स बाखमन यांच्या आयडीएसवरून पुढे आलेल्या कोडासिल पद्धतीत जोड-रेकॉर्ड होते. पण एका रेकॉर्डवरून दुसऱ्यावर जाण्याची वाट प्रोग्रॅमरलाच काढावी लागे. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७०च्या निबंधात ही वाटच अनावश्यक ठरवली. संबंध पॉइंटरने नव्हे, मूल्यांनी दाखवायचा. त्यांच्या उदाहरणात पुरवठादार, भाग, प्रकल्प आणि नगसंख्या एकाच ‘सप्लाय’ टेबलात येतात. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये असा संबंध आकृतीत समभुज चौकोनाच्या (डायमंड) चिन्हाने दाखवला.

डेट यांचे उदाहरण : ख्रिस डेट यांच्या पाठ्यपुस्तकातील पुरवठादार-भाग डेटाबेस हा या विषयाचा सर्वांत परिचित नमुना. त्यात ५ पुरवठादार, ६ भाग आणि त्यांना जोडणाऱ्या १२ रो आहेत. लंडनचा स्मिथ सहाही भाग पुरवतो. त्यांपैकी पहिल्या भागाचे, म्हणजे नटांचे, ३०० नग. हा ३०० आकडा एकट्या स्मिथचा नाही आणि एकट्या नटाचाही नाही, तो त्या जोडीचा आहे. म्हणून त्याची जागा जंक्शन टेबलातच. अथेन्सचा ॲडम्स काहीच पुरवत नाही. सगळी माहिती एकाच टेबलात कोंबली असती, तर भागाचा रकाना रिकामा ठेवल्याशिवाय त्याची नोंद करता आली नसती. इथे तो पुरवठादारांच्या टेबलात सुखरूप राहतो. डेट यांच्या या छोट्याशा नमुन्याइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

रचना : दोन्ही फॉरेन की मिळून प्रायमरी की करावी, म्हणजे तीच जोडी दोनदा शिरत नाही. ही की पुरवठादारापासून सुरू होत असेल, तर एखाद्या भागाचे पुरवठादार शोधण्यासाठी उलट क्रमाचा इंडेक्सही हवा. मायएसक्यूएलचे इनोडीबी हे स्टोरेज इंजिन फॉरेन कीसाठी लागणारा इंडेक्स आपणहून तयार करते, पोस्टग्रेस करत नाही. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते. ती प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते.

स्वतंत्र आयडी असावा की नसावा, याबद्दल मतभेद आहेत. जँगो हे वेब-फ्रेमवर्क आपोआप केलेल्या टेबलात तो घालते; मात्र जोडीवर युनिक बंधनही ठेवते, आणि ते अत्यावश्यकच आहे.

चुकीची पद्धत : एकाच कॉलममध्ये स्वल्पविरामांनी आयडींची यादी लिहिणे. १२ शोधताना ११२ही हाती लागतो, आणि नसलेल्या भागाचा आयडी शिरला तरी डेटाबेस हरकत घेत नाही. बिल कार्विन यांनी एसक्यूएलमधील चुकांवरील पुस्तकात या पद्धतीला ठळक स्थान दिले आहे.

ग्राफ डेटाबेस : यांत संबंध थेट साठवतात, जंक्शन टेबल लागत नाही.

वापर : मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, त्यात लेख आणि वर्ग ‘कॅटेगरीलिंक्स’ या टेबलाने जोडलेले असतात. लेख त्या वर्गात कोणत्या क्रमाने दिसावा, हे ठरवणारी सॉर्ट कीसुद्धा याच टेबलात असते.