इंचाची जीप

आमच्या युसूफ वडगावात जुनी जीप खोलायची म्हणजे आधी मापाचं भांडण. महिंद्राची जीप मूळची अमेरिकेतल्या विलीजची, बोल्ट इंचाचे. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली, मिलिमीटरचे पाने आले. जुन्या जीपा इंचातच राहिल्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, पण बोल्ट गंजलेला असला की घसरतो अन् कोपरे गोल करतो. मग मिस्त्री रात्रभर रॉकेल मुरवायचा, सकाळी हलके ठोके द्यायचा, कानशीनं दोन बाजू सपाट करून पाना लावायचा. तरी हलला नाही तर वर नट वेल्डिंग करायचा. तापल्यावर गंज सुटायचा. बोल्ट तुटला तर मात्र खेप बुडाली. म्हणून इंचाचे पाने मिस्त्री उसने देत नसत.