पांढरी काठी : अभयदानाचा इतिहास

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार जैन परंपरेने सांगितले असून त्यांत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. दृष्टिहीनांच्या बाबतीत समाज बहुधा पहिल्या दोन दानांपाशीच थांबला. अन्न, वस्त्र, निवारा मिळाला आणि हात धरून नेणारा कुणी असला की कर्तव्य पूर्ण झाले, अशी समजूत होती. परंतु एकट्याने उंबरठा ओलांडण्याची भीती अन्नाने जात नाही. ती शिक्षणाने घालविता येते. विसाव्या शतकाने हे सिद्ध केले.

अंधांच्या हाती काठी पुरातन काळापासून आहे. तिला पांढरा रंग मात्र अलीकडचा. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जेम्स बिग्ज या अपघाताने दृष्टी गमावलेल्या गृहस्थांनी, रस्त्यावरील वाहनचालकांना आपण दिसावे म्हणून, १९२१ मध्ये आपली काठी पांढरी रंगविली. १९३१ मध्ये पॅरिस येथे गिली द'एर्बमाँ या महिलेने अंधांना पांढऱ्या काठ्या देण्याची मोहीम हाती घेतली. या काठीने वाहनचालक सावध झाला. पण पुढचा खड्डा वा पायरी अंधाला स्वतःला कशी कळावी, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिळाले. दृष्टी गमावलेले अमेरिकन सैनिक पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयात येत होते. अंधशाळेत शिक्षक राहिलेले रिचर्ड हूव्हर १९४४ मध्ये तेथे काम करीत होते. आखूड व जड काठी शरीराला आधार देते, मार्ग सांगत नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी छातीपर्यंत पोहोचणारी, हलकी, लांब काठी योजिली आणि ती वापरण्याची पद्धत बसविली. काठीचे टोक खांद्यांच्या रुंदीहून किंचित अधिक अंतरात डावी-उजवीकडे फिरवायचे. उजवे पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे टेकते, म्हणजे पुढील डाव्या पावलाची जागा आधीच तपासली जाते.

ईर्यासमितीचे पालन करणारे साधू-साध्वी जीवरक्षेसाठी चार हात पुढची भूमी न्याहाळून पाऊल टाकतात. येथे डोळ्यांचे काम काठीचे टोक करते. हेतू निराळा असला, तरी न पारखलेल्या जागी पाऊल ठेवायचे नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

१९४८ मध्ये शिकागोजवळील हाइन्स येथे दृष्टिहीन माजी सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख रसेल विल्यम्स हे स्वतः युद्धात अंध झालेले होते. रहदारीच्या आवाजावरून चौकाची रचना ओळखणे, तळपायाला रस्त्याचा उतार जाणवणे, अशा गोष्टींतून ‘ओरिएंटेशन अँड मोबिलिटी’ हे शास्त्र आकाराला आले. १९६० मध्ये बॉस्टन कॉलेजात त्याचे प्रशिक्षक घडविण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९६४ पासून अमेरिकेत १५ ऑक्टोबर हा ‘पांढरी काठी दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला.

भारतातही युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी १९४३ मध्ये डेहराडून येथे सेंट डन्स्टन्स वसतिगृह सुरू झाले. तेथेच १९५० मध्ये प्रौढ अंधांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघाची (नॅबची) स्थापना झाली.

जैन समाजाला या संदर्भात पंडित सुखलालजी संघवी यांचे स्मरण व्हावे. देवीच्या आजारात सोळाव्या वर्षी दृष्टी गेलेले सुखलालजी १९०४ मध्ये काशीस अध्ययनासाठी गेले, पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे प्राध्यापक झाले आणि १९७४ मध्ये ‘पद्मभूषण’ने सन्मानित झाले. ते काशीस निघाले तेव्हा हूव्हर यांची पद्धत जन्मास यायला चार दशके होती. ग्रंथ वाचून दाखविणारे लाभले म्हणून ती प्रज्ञा फुलली. अंधत्व बुद्धीला नसते. उणीव असते ती साधनांची आणि शिकविणाऱ्यांची.

आज काठी सहज मिळते. समारंभपूर्वक वाटलीही जाते. परंतु शिकविल्याविना दिलेली काठी घराच्या कोपऱ्यात उभी राहते. प्रशिक्षक, सरावाचे दिवस आणि ‘पडेल’ या मायेपोटी न अडविणारे कुटुंब, या तिन्हींची जोड मिळाली तरच ती चालू लागते. काठीसोबत तिची विद्याही दिली, तर एकाच कृतीत ज्ञानदान आणि अभयदान दोन्ही साधतात. धर्मादाय संस्थांनी याचा अवश्य विचार करावा.